जंताचं औषध पाजूनही मेंढी खंगते, जबड्याखाली पाणी उतरतं: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

पोळ्यापासून दिवाळीपर्यंत वऱ्हाडातल्या मेंढ्यांच्या वाड्यांवर एकच तक्रार ऐकू येते. "औषध तं पाजलं भाऊ, दोनदा पाजलं, तरी मेंढी खंगतच चालली." मी डॉक्टर नाही. छोटा कळप वाढवत आलो आणि आसपासच्या वाड्यांवर हीच अडचण सोडवायला जात आलो, तेवढाच माझा अधिकार. दोष बहुतेक वेळा त्याच चार-पाच ठिकाणी सापडतो. औषधाची नवी बाटली आणायची पाळी त्यात फार उशिरा येते, पण जो तो सुरुवात तिथूनच करतो.

लक्षणं

सगळ्यात आधी मेंढी मागे राहू लागते. सकाळी वाड्यातून पुढे निघणारी आता कळपाच्या शेवटी रेंगाळते, थोडं चालून थांबते. चरते, रवंथही करते, म्हणून मालकाचं लक्ष जात नाही. लोकर निस्तेज होते, ओढली तर झुबका हातात येतो. पाठीवरून हात फिरवला की मणके टोचतात. मग एखाद्या संध्याकाळी जबड्याखाली मऊ फुगवटा दिसतो. बोटाने दाबला तर खड्डा तसाच राहतो. दिवसभर मान खाली घालून चरल्यामुळे तिथे पाणी साचतं आणि रात्रभर मान वर ठेवून बसली की सकाळपर्यंत बरंचसं ओसरतं. "सकाळी तं उतरली होती" म्हणून दोन-तीन दिवस वाया जातात, ते असे.

एक गोष्ट ठळकपणे सांगतो: यात बहुतेक वेळा हगवण नसते. लेंडी चांगली बांधलेली असते. "जंत असते तर ढाळ लागले असते" हे वाड्यावाड्यावर ऐकतो आणि त्यापायी मेंढ्या गेलेल्याही पाहिल्या आहेत. जंतांचा भार एकदम वाढला तर अंगाने भरलेलं कोकरूसुद्धा आदल्या दिवशी चरून येतं आणि सकाळी मेलेलं सापडतं.

हे होतं कशामुळे

मेंढीच्या चौथ्या पोटात राहणारा हिमोंकस नावाचा जंत रक्त पितो. लांबी दोन-तीन सेंटिमीटर. एक जंत दिवसाला साधारण 0.05 मिलि रक्त घालवतो, म्हणजे हजार जंत असले तर रोज 50 मिलि. रक्तातलं प्रथिन घटलं की पाणी शिरांबाहेर झिरपतं आणि जबड्याखाली साचतं. मादी जंत रोज पाच ते दहा हजार अंडी घालते. पावसाळी उबेत आठवड्याभरात अळी गवतावर चढायला तयार होते आणि मेंढीच्या पोटात गेल्यावर साधारण तीन आठवड्यांत तिच्यापासून पुन्हा अंडी पडू लागतात.

आता आपल्याकडची पावसाळी चराई आठवा. जून ते सप्टेंबर सगळी शेतं कपाशी, सोयाबीन आणि तुरीखाली. कळपाला उरतात ई-क्लासची जमीन (गावची सरकारी चराई), शेतांचे धुरे, रस्त्याची कड, नाल्याकाठ. गावातले सगळे कळप, वर गाईगुरं आणि शेळ्या, त्याच तुकड्यावर रोज. मे महिन्यातलं 45 अंशांचं ऊन जमिनीवरच्या बहुतेक अळ्या संपवतं, पण मेंढीच्या पोटात सुप्त राहिलेल्यांना त्याचा काही त्रास नाही. पाऊस पडला की त्या वाढू लागतात आणि पोळ्यापर्यंत दोन-तीन पिढ्या होऊन जातात. म्हणून ही तक्रार ठरल्या वेळेलाच येते.

पहिली तपासणी: पापणी. खर्च शून्य

मेंढीला उजेडात धरा, वाड्याच्या सावलीत नको. एका अंगठ्याने वरची पापणी मिटवून डोळ्यावर हलकेच दाबा, दुसऱ्याने खालची पापणी खाली ओढा आणि आतल्या अस्तराचा रंग बघा. गर्द लाल किंवा गुलाबी-लाल असेल तर चिंता नाही. फिकट गुलाबी म्हणजे शंका. पांढरट किंवा कागदासारखं पांढरं असेल तर रक्त संपत आलंय. दक्षिण आफ्रिकेतले पशुवैद्यक फाफा मालान यांच्या कामातून याच पद्धतीचा पाच रंगांचा फामाचा तक्ता तयार झाला. तो मिळाला तर उत्तम, कारण 'फिकट' म्हणजे किती फिकट हे प्रत्येकाचं वेगळं असतं. चौथ्या-पाचव्या रंगाच्या मेंढीला औषध द्यायचंच. तिसऱ्या रंगाला कोकरू, गाभण किंवा दूध पाजणारी मेंढी असेल तर द्यावं. पहिल्या-दुसऱ्या रंगाच्या मेंढीला देऊ नये.

हे शेवटचं वाक्य लोकांना पटत नाही. पण कळपातल्या थोड्या मेंढ्यांच्या पोटात बहुतेक जंत असतात. सगळ्यांना दर तीन आठवड्यांनी पाजलं तर औषधाने न मरणारे जंत तेवढे उरतात आणि पुढची पिढी फक्त त्यांचीच होते. लाल पापणीच्या मेंढ्यांच्या पोटात औषध न पाहिलेले जंत राहू दिले, तर त्यांच्या अंड्यांमुळे चराईवरचं ते मिश्रण टिकतं आणि औषध आणखी काही वर्षं चालतं. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पापण्या बघा. भाद्रपदात, हवेत ऊब आणि जमिनीत ओल असताना, आठवड्याने.

पापणी लाल आणि मेंढी मात्र वाळलेली असेल तर जंताचं औषध बाजूला ठेवा आणि तोंड उघडून दात बघा. पुढचे दात पडलेली किंवा झिजलेली म्हातारी मेंढी कितीही चरली तरी अंग धरत नाही. खूरही बघा. लंगडी मेंढी पोटभर चरत नाही.

दुसरी: थर्मामीटर आणि तोंड

डिजिटल थर्मामीटर औषधाच्या दुकानात सहज मिळतो. सकाळी गुदद्वारातून ताप घ्या. मेंढीचा नेहमीचा ताप 102 ते 103 फॅरनहाइटच्या आसपास असतो, दुपारच्या उन्हात थोडा चढतो. जंतांनी ताप येत नाही. 104 च्या वर असेल आणि तोंड, ओठ, जीभ सुजलेली असेल, लाळ गळत असेल, मेंढी लंगडत असेल तर नीलजिव्हेचा संशय घ्या. हा रोग चिलटांमुळे पसरतो आणि नेमका याच दिवसांत येतो. तोंडात फोड, नाकाडोळ्यांतून घाण आणि दुर्गंधीची हगवण असेल तर पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग. गळ्याला गरम, दुखरी सूज, धाप आणि मोठा ताप असेल तर घटसर्प. या तिन्हींत जबड्याकडे बघून "पाणी उतरलं" म्हणणारे भेटतात आणि जंताच्या औषधावर दिवस घालवतात. ताप निघाला की पुढची एकही तपासणी करत बसू नका, डॉक्टरांना बोलवा.

तिसरी: वजन, मात्रा आणि पाजणारा हात

दोष सर्वांत जास्त वेळा इथेच निघतो, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

कापूस वेचणीचा लटकता काटा जवळपास प्रत्येक घरी असतो. गोणपाटाच्या झोळीत मेंढी ठेवून तिचं वजन करता येतं. तरीही बहुतेक जण नजरेने अंदाज करतात आणि तो नेहमी कमी पडतो, त्यात लोकर भिजलेली असली की मेंढी आणखीच बारीक दिसते. हिशोब पाहा. अल्बेंडाझोलचं 2.5 टक्क्यांचं द्रावण, म्हणजे 1 मिलिमध्ये 25 मिलिग्रॅम. किलोला 7.5 मिलिग्रॅम या दराने 30 किलोच्या मेंढीला 225 मिलिग्रॅम, म्हणजे 9 मिलि लागतं. तुम्ही तिला 20 किलोची समजलात तर 6 मिलिच दिलंत. अशक्त जंत मेले, दणकट वाचले. असं दोन-तीन पावसाळे केलं की त्या वाड्यावर ते औषध कायमचं निकामी होतं.

बाटलीवरची टक्केवारी वाचा. त्याच नावाचं औषध 2.5 टक्के आणि 10 टक्के अशा दोन्ही ताकदीत मिळतं, म्हणजे चौपट फरक. गेल्या वर्षीच्या बाटलीवरून पाठ असलेले मिलि या वर्षीच्या बाटलीला लावू नका. मेंढ्या, कोकरं आणि मेंढे यांचे वेगळे गट करा आणि त्या गटातल्या सर्वांत जड जनावराच्या वजनाने मात्रा धरा. क्लोजँटेल आणि लेव्हामिझोल याला अपवाद आहेत, तिथे प्रत्येकीचं वजन घ्या. क्लोजँटेलची मात्रा जास्त झाली तर मेंढी आंधळी होऊ शकते.

आता हात. औषध ओठाच्या फटीत ओतलं की अर्धं बाहेर सांडतं. जिभेच्या टोकाशी सोडलं तर ते मोठ्या पोटाला वळसा घालून थेट पुढे निघून जाऊ शकतं आणि असर कमी होतो. सुई काढलेली सिरिंज तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून जिभेच्या मागच्या भागावर हळूहळू सोडा. मान जमिनीला समांतर ठेवा. तोंड आभाळाकडे केलं तर औषध फुप्फुसात जातं आणि जंतांऐवजी न्युमोनियाने मेंढी मरते. बाटली दर चार-पाच मेंढ्यांनंतर हलवा, कारण औषध तळाशी बसतं. पाण्याच्या टाकीत किंवा ढेपेत कालवून देणं बंद करा. जिला गरज आहे ती अशक्त असते, तिला धक्के बसतात आणि औषध धष्टपुष्ट मेंढी खाऊन जाते.

चौथी: बाटली कोणती

घरातल्या सगळ्या रिकाम्या-भरलेल्या बाटल्या ओळीने मांडा आणि व्यापारी नाव सोडून खालचं बारीक अक्षर वाचा. अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल एकाच घराण्यातली आहेत. "औषध बदलून पाहिलं" म्हणणारे बरेच जण एकाकडून दुसऱ्याकडे गेलेले असतात, म्हणजे जंतांसाठी काहीच बदललेलं नसतं. लेव्हामिझोल वेगळ्या घराण्याचं, आयव्हरमेक्टिन आणखी वेगळ्या. क्लोजँटेल हे रक्त पिणाऱ्या जंतांवर चालणारं, तेही वेगळं. कोणतं द्यायचं हे डॉक्टरांना विचारून ठरवा, पण विचारायला जाताना आधी काय काय दिलंय त्याची यादी घेऊन जा. नुकत्याच गाभण राहिलेल्या मेंढीला अल्बेंडाझोल नको.

पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर पडलेली बाटली, मुदत संपलेली बाटली, या दोन्ही टाकून द्या. आणि मोरचूद पाजायची जुनी चाल कोणी सांगितली तर हात जोडा. मेंढीला तांब्याची बाधा फार लवकर होते. गाईचं क्षार मिश्रणही त्याच कारणाने मेंढीला नको, मेंढीसाठीचं वेगळं मिळतं.

पाचवी: चराई, वाडा आणि गव्हाण

अळ्या बहुतेक करून गवताच्या खालच्या दोन इंचांत असतात आणि ओलाव्यावरच वर चढतात. म्हणून दहिवर उतरेपर्यंत कळप सोडू नका. कुरतडून जमिनीलगत आलेल्या ई-क्लासच्या हिरव्या कोंबांवर कळप दिवसभर उभा राहिला तर बाटलीत काही असो, उपयोग नाही. बोर, हिवर आणि बाभळीचा पाला जितका मिळेल तितका द्या. जमिनीपासून वर असलेल्या पाल्यावर जंतांच्या अळ्या नसतात. नाल्याकाठचा दलदलीचा पट्टा पावसाळ्यात टाळा.

सोयाबीन निघालं की मोकळी शेतं मिळतात आणि शेतकरी खतासाठी मेंढ्या बसवायला बोलावतात. ती चराई तुलनेने स्वच्छ असते. मात्र सगळ्या कळपाला औषध पाजून त्याच दिवशी तिथे नेऊ नका. पोटात औषधातून वाचलेले जंतच उरलेले असतात आणि स्वच्छ शेतात अंडी फक्त त्यांचीच पडतात.

वाड्यात चिखल असेल तर मुरूम टाका, जागा बदलता येत असेल तर बदला. कुटार जमिनीवर टाकू नका, गव्हाणीत द्या.

खाण्याबद्दल: रक्त भरून यायला प्रथिन लागतं. सोयाबीनचं कुटार पोट भरतं, पण तेवढ्यावर भागत नाही. तूर-हरभऱ्याचं कुटार त्याहून बरं. फिकट पापणीच्या आणि शेवटच्या दीड महिन्यातल्या गाभण मेंढ्यांना रोज 150 ते 200 ग्रॅम सरकी ढेप द्या. व्यायच्या आसपास मेंढीची जंत रोखायची ताकद कमी होते आणि तिच्या लेंडीतून अंडी भराभर पडतात, ती तिच्याच कोकरांच्या तोंडात जातात. ढेप महाग आहे, मान्य. मग सगळ्या कळपाला चिमूट-चिमूट देण्यापेक्षा या मोजक्या मेंढ्यांना पुरेशी द्या. ढेपेला बुरशी आलेली नको.

सहावी: लेंडी तपासणी, औषधाआधी आणि नंतर

वरचं सगळं नीट करूनही पापण्या फिकटच राहिल्या तर औषध निकामी झालंय का, हे लेंडीवरून कळतं. आठ-दहा मेंढ्यांची ताजी लेंडी घ्या, जमिनीवरून उचललेली जुनी चालत नाही. छोट्या प्लॅस्टिक पिशवीत भरून हवा दाबून काढा, मेंढीचा नंबर लिहा, बर्फाच्या डब्यात ठेवा, गोठवू नका आणि शक्यतो त्याच दिवशी पोहोचवा. गरमीत अंडी फुटून अळ्या निघतात आणि मोजणी चुकते. तालुक्याच्या पशुचिकित्सालयात विचारा. अकोल्याची पशुवैद्यक संस्था आणि नागपूरचं पशुवैद्यक महाविद्यालयही आहे. मागताना "फक्त जंत आहेत का" एवढंच नका विचारू, दर ग्रॅममागे किती अंडी ते मोजून मागा.

मग वजनाप्रमाणे औषध द्या आणि 10 ते 14 दिवसांनी त्याच मेंढ्यांची लेंडी पुन्हा द्या. आधी सरासरी 1600 आणि नंतर 400 आली तर घट 75 टक्के. 95 टक्क्यांपेक्षा कमी घट म्हणजे त्या घराण्याचं औषध तुमच्या वाड्यावर संपल्यात जमा. इथे मात्र नवी बाटली आणायचा मुद्दा खरा आहे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्यांसाठी एक वेगळी सूचना. मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या काठी चरणाऱ्या कळपात फिकट पापणी आणि जबड्याचं पाणी गोगलगाईंमधून येणाऱ्या यकृतातल्या चपट्या कृमींमुळेही असू शकतं. त्याला औषध वेगळं आणि लेंडी तपासायची रीतही वेगळी, त्यामुळे प्रयोगशाळेत तळ्याकाठची चराई असल्याचं आवर्जून सांगा. पाण्यासारखी, घाण वासाची हगवणही असेल तर मोठ्या पोटातल्या चपट्या कृमींचा संशय येतो.

इथे थांबा आणि डॉक्टरांना बोलवा

- पापणी कागदासारखी पांढरी आणि मेंढी उठत नाही. तिला वाड्याभर पळवून पकडू नका, त्या धावण्यानेच ती मरते. जागेवर सावली, पाणी आणि पाला द्या आणि वाट बघा. लोहाचं इंजेक्शन स्वतः टोचून उपयोग नाही. जंत आत असेपर्यंत ते गळतच राहतं.
- ताप 104 च्या वर, तोंडात फोड किंवा धाप.
- दोन दिवसांत एकापेक्षा जास्त मरतूक.
- वजनाप्रमाणे औषध देऊन दोन आठवडे झाले, पापणीचा रंग बदलला नाही.
- व्यायला महिनाभर राहिलेली मेंढी खंगतेय. तिला काय द्यायचं ते स्वतः ठरवू नका.

पशुवैद्यकीय फिरत्या पथकासाठी 1962 हा टोल-फ्री क्रमांक आहे.

मेंढी मेली तर शवविच्छेदन करून घ्या. चौथं पोट उघडल्यावर लाल-पांढऱ्या पिळाचे जंत उघड्या डोळ्यांनी दिसतात आणि सगळा वाद मिटतो. पण धडधाकट मेंढी अचानक मेली आणि नाकातून किंवा गुदद्वारातून न गोठणारं काळसर रक्त येत असेल तर कातडं काढू नका, पोट उघडू नका, खाटकाला देऊ नका. ती काळपुळी असू शकते आणि ती माणसालाही होते. मृत जनावराजवळ कुत्री आणि कळप जाऊ देऊ नका आणि लगेच कळवा.

कळप वाढवताना

सरकारच्या महामेष योजनेतला 20 मेंढ्या आणि 1 नर मेंढ्याचा गट असो की बाजारातून उचललेल्या पाच मेंढ्या, नवीन जनावरासोबत दुसऱ्या वाड्यावरचे औषधाला सरावलेले जंत येतात. तीन आठवडे वेगळं बांधा. आल्या दिवशी डॉक्टरांना विचारून दोन वेगळ्या घराण्यांची औषधं द्या, पहिले दोन दिवस कोरड्या चाऱ्यावर कोंडून ठेवा आणि तिथली लेंडी चराईच्या बाजूला टाकू नका. पीपीआर आणि आंत्रविषाराची लस याच काळात उरकते.

वहीत किंवा कानातल्या बिल्ल्यावरून खूण ठेवा: एका पावसाळ्यात कोणाला किती वेळा औषध लागलं. तीनदा लागलेली मेंढी कितीही देखणी असली तरी दिवाळीनंतर विका आणि तिची पाठ (मादी पिल्लू) कळपात ठेवू नका. जंत सोसण्याची ताकद बऱ्याच अंशी वंशातून येते. एकदाही औषध न लागलेल्या मेंढीचं पिल्लू माझ्यासाठी जुळ्यांच्या आईच्या पिल्लापेक्षा जास्त किमतीचं, पण यावर माझ्याशी भांडणारे बरेच आहेत.

मेंढ्याच्या बाबतीत हे दुप्पट लागू, कारण निम्मा कळप त्याच्यावर जातो. सांगलीकडचा माडग्याळ आणा, तेलंगणातून नेल्लोर आणा की इथलाच दख्खनी ठेवा, उंची आणि नाकाचा बाक बघून हे कळत नाही. मेंढा पाहायला ऑगस्ट-सप्टेंबरात जा, मालकाला शेवटचं औषध कधी दिलं ते विचारा आणि स्वतः पापणी ओढून बघा. मे महिन्यात सगळ्यांच्याच पापण्या लाल असतात.